मेळ्यात दोनदा चाललेली पिन

मित्रांनो, जरा जवळ या, नाहीतर मी दिसायचीच नाही. बोटाच्या पेराएवढी वाकवलेली तार, वर पत्र्याची टोपी आणि टोपीच्या कडेला तांबूस गंज. अशी मी एक म्हातारी सेफ्टी पिन आहे. हसलात? हसा खुशाल. पण थेम्सच्या काठी यंदाच्या उन्हाळ्यात जो जागतिक मेळा भरला होता, त्यातल्या फॅशन शोमध्ये मी एकाच दुपारी दोनदा रॅम्पवर चालून आले आहे. तुमच्यापैकी कोण चाललंय, हात वर करा बघू!

त्या दुपारी मला जो धक्का बसला तो अजून पुरता उतरलेला नाही. आमच्या चंदाबाईंच्या लग्नाची साडी त्या रॅम्पवर भलत्याच नावाखाली जाणार होती. जाणार होती कसली, निघालीच होती! सगळं सांगते, पण पहिल्यापासून सांगते. मध्येच घाई केलीत तर मी टोचेन.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. जन्म म्हणजे काय, तर सरळ तार होते, ती कचाकच कापली, गर्रकन वाकवली आणि टोक घासून घासून धारदार केलं. "ताई, वाकवू का?" असं विचारायचीसुद्धा पद्धत नाही! मग बहिणींबरोबर एका पुठ्ठ्यावर टोचून घेऊन मी खडकीच्या बाजारातल्या दुकानात येऊन पडले. तिथं गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकून मला जगाची थोडीफार माहिती झाली. नवरी म्हणजे पिवळी साडी, हिरवा शालू, भरजरी पदर, हे मी तिथंच शिकले. त्यामुळे एका मावशीबाईंनी "लग्नघरी हव्यात" म्हणून आमचा पुठ्ठा उचलला, तेव्हा मी खुशीनं चकाकले.

आणि लग्नाच्या दिवशी माझ्यासमोर पदर आला तो पांढरा! पांढरंशुभ्र रेशीम आणि त्याला बारीक निळा काठ. अगं बाई, मी हबकलेच. नवरीला पांढरं? मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच घरी आलो. दारात उभी असलेली शेजारची एक पोरगीही डोळे विस्फारून तेच विचारत होती. तेव्हा मावशी मला बोटांत धरून म्हणाल्या, "आमच्यात नवरी पांढरंच नेसते गं. आम्ही काय घालायचं, काय नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या दुसरे ठरवत आले. आता आमचं आम्ही ठरवलंय." असं म्हणून त्यांनी मला चंदाबाईंच्या खांद्यावर खट्‌कन लावलं.

मग मी खांद्यावरून सगळं लग्न पाहिलं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. मुहूर्त नाही, अंतरपाट नाही. सगळ्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि नवरानवरीनं एकमेकांना हार घातले. नवरा सुखदेव ओव्हाळ, उंच, लाजरा. हार घालताना तो हळूच म्हणाला, "पदर सरळ आहे, घाबरू नका." पदर सरळ होता, कारण तो मी धरला होता! माझं नाव मात्र कुणी घेतलं नाही.

त्या दिवसापासून माझा मुक्काम चंदाबाईंच्या बांगडीत. तुमच्या आज्यांना विचारा, पूर्वीच्या बायका वेळेला हाताशी असावी म्हणून पिन बांगडीलाच अडकवून ठेवायच्या. चंदाबाईंच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या, त्यातली एक माझी. सुखदेवरावांना ब्रॅकनेलला इंजिनिअरची नोकरी लागली, तेव्हा मी बांगडीत बसूनच विमानातून इंग्लंडला आले. इथली थंडी बघून माझी स्प्रिंगच आखडली. चंदाबाई इथल्या शाळेत गणित शिकवू लागल्या. फळ्यावर लिहिताना त्यांच्या बांगड्या वाजत आणि गोरी पोरं माझ्याकडे टकामका बघत. एकदा बक्षीस समारंभाच्या ऐन वेळी हेडबाईंच्या स्कर्टचा हूक तुटला. हेडबाई घामाघूम! चंदाबाईंनी मला काढलं, लावलं आणि समारंभ पार पडला. "मिसेस ओव्हाळ, ह्या पिनेला मेडल द्यायला हवं," असं हेडबाई स्वतः म्हणाल्या. मेडल अजून आलेलं नाही, पण शब्द मी लक्षात ठेवला आहे.

पुढे चंदाबाई थंडीमुळे पँट आणि कार्डिगन घालू लागल्या. सणासमारंभाला साडी नेसल्या तरी मोत्याच्या नव्या पिना लावू लागल्या. आणि मी? चॉकलेटच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, सुटलेल्या बटणांबरोबर! तो डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. हिवाळ्यात त्या काचेवर आतून पाणी साचतं, ते डब्यात झिरपायचं. कितीतरी वर्षं मी त्या ओलीत पडून होते. हा टोपीवरचा गंज तिथला. मला फार वाईट वाटायचं. कधीकधी तर रडू यायचं, पण रडले असते तर अजून गंजले असते.

मला त्या डब्यातून बाहेर काढलं ते सुखदेवराव गेले त्या दिवशी. दोन वर्षं झाली. साडीला लावायला चंदाबाईंना दुसरी पिन सापडेना, म्हणून त्यांनी डबा पालथा घातला. मला पाहिलं आणि तिथंच खाली बसून रडल्या. मला तळहातावर धरून म्हणाल्या, "तू आहेस होय अजून?" आणि मी परत बांगडीत गेले.

त्याच दुपारी घरात माणसं जमली होती. त्यांतल्या अलकाताई, जुन्या ओळखीच्या. स्वभावानं वाईट नव्हत्या, पण त्यांनी चंदाबाईंचा हात हातात घेतला आणि हळूहळू बांगड्या मनगटाकडून पुढं सरकवू लागल्या. मला आधी कळेचना काय चाललंय. कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. इंग्लंडात, आजच्या काळात, शिकलेल्या बाईच्या घरी! चंदाबाईंनी हात मागं घेतला. "अलका, सोड. बांगड्या माझ्या आहेत, त्यांच्या नव्हत्या. आमच्यात हे नाही. आणि ते सांगून गेलेत, चंदा, माझ्यामागं रंग सोडायचा नाही." अलकाताई चहा टाकायला आत गेल्या.

आता मेळ्याकडे येते.

चंदाबाईंची नात धम्मशीला केंब्रिजला लॅबमध्ये काम करते. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी अर्धं इंग्रजी आणि उरलेलं गमतीदार. मला ती 'हा पिन' म्हणते. मी सोडून देते, पोरगी गुणाची आहे. येत्या वसंतात तिचं प्रणय नावाच्या मुलाशी लग्न आहे आणि लग्नात ती आजीचीच पांढरी साडी नेसणार आहे, हे ठरलेलं. चंदाबाईंनी ती साडी इतकी वर्षं मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवली होती, दर उन्हाळ्यात घडी मोडून पुन्हा घालत होत्या.

मेळ्यात रोज दुपारी फॅशन शो व्हायचे. त्यातल्या एका शोचा विषय होता, माणूस जन्मतो तेव्हापासून जातो तेव्हापर्यंत जगात काय काय घालतो. बारशाचे कपडे, शाळेचे, कामाचे, दुखवट्याचे आणि शेवटी लग्नाचे, कारण फॅशन शोमध्ये म्हणे नवरी नेहमी शेवटीच येते. महाराष्ट्राचे कपडे जमवायचं काम रश्मीकडे होतं. ती लंडनची ड्रेस डिझायनर, मूळची पुण्याची, फार धडपडी मुलगी. कुणीतरी तिला चंदाबाईंच्या जुन्या पांढऱ्या साडीबद्दल सांगितलं. तिनं धम्मशीलाला फोन केला, साडी आजीची का, आजोबा आहेत का, एवढंच विचारलं. "नाही, आजोबा गेले," असं ही म्हणाली. "ओके, परफेक्ट," असं ती म्हणाली. बस्स. साडी कशाची ते हिनं सांगितलं नाही, कारण सांगायचं हिच्या डोक्यातच आलं नाही. हिच्या घरी सगळ्या नवऱ्या पांढऱ्या साडीत, शाळेतल्या मैत्रिणींच्या बहिणी पांढऱ्या गाऊनमध्ये. पांढरं म्हणजे लग्न, ह्यात सांगण्यासारखं काय आहे?

साडी नेसून चालणार होती धम्मशीलाच. शोच्या दिवशी चंदाबाईंनी स्वतः तिला ती नेसवली आणि बांगडीतून काढून मला तिच्या खांद्यावर लावलं. "जपून गं," त्या म्हणाल्या. नातीला म्हणाल्या की मला, माहीत नाही. मग त्या बाहेर पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.

पडद्यामागचं काय वर्णन करू! माझे तर डोळेच फिरले. एक बाई अंगभर दिवे लावून उभी होती आणि तिच्या पाठीला बॅटरी. एक गृहस्थ प्लास्टिकच्या बाटल्यांच्या कोटात, बसताही येत नव्हतं बिचाऱ्याला. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे, तिथं कपडा अंगाला चिकटपट्टीनं चिकटवत होते! चिकटपट्टी! आम्ही पिना काय मेलो होतो?

तेवढ्यात रश्मी कानाला माइक लावून धावत आली. "धम्मशीला, तू आता नेक्स्ट सेक्शनमध्ये. पदर डोक्यावरून घे. मान खाली, हळू चालायचं, आणि प्लीज, नो स्मायलिंग."

"डोक्यावरून? व्हाय?"

"तसंच असतं गं त्याच्यात. ती खांद्यावरची पिन काढ, पटकन."

धम्मशीला मला काढायला लागली. मी निघेना. गंजामुळे टोक टोपीत घट्ट बसलं होतं. तिनं ओढलं, रेशीम ताणलं गेलं, मी कळवळले. "हा पिन निघत नाही," ती म्हणाली. तर रश्मीनं काय करावं? टेबलावरची छोटी कात्री उचलली! "इथं एवढंसं कापू या. कुणाला दिसणार नाही."

मित्रांनो, माझी बोबडीच वळली. साठीला टेकलेलं रेशीम, आणि कात्री!

"नो, नो, नो!" धम्मशीला मागं सरकली. "माझ्या आज्जीचा साडी आहे. आज्जीला बोलव. तिलाच जमतं."

अशा तऱ्हेनं चंदाबाई पडद्यामागं आल्या, आणि त्या माझ्या गंजामुळे आल्या, हे मी ठासून सांगते. त्या आल्या तशा त्यांनी आपल्या केसांवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं तेल माझ्या टोपीला चोळलं, अंगठ्यानं हलकेच दाबलं आणि मी सुटले. एक धागाही तुटला नाही. मला बांगडीत अडकवता अडकवता त्यांनी सहज विचारलं, "पण काढायची कशाला होती?"

"आजी, पदर डोक्यावर घ्यायचाय ना," रश्मी म्हणाली. "दुखवट्याचा सेक्शन आहे. विडोची साडी आहे, तर खांद्यावर पिन लावून कसं चालेल?"

मी बांगडीत होते, म्हणून मला चंदाबाईंच्या मनगटातली नाडी कळली. ती एकदम थडथडायला लागली.

"कुणाची साडी?"

"म्हणजे... तुमची. आजोबा गेल्यावरची." रश्मीचा आवाज बारीक झाला. "पांढरी आहे, म्हणून मला वाटलं..."

"ही माझ्या लग्नाची साडी आहे."

धम्मशीलानं तोंडावर हात ठेवला. "ओह माय गॉड. तू मला विडो करून पाठवत होती? मी हे लग्नात नेसणार आहे, रश्मी!"

"सॉरी, सॉरी, पण आपल्यात लग्नात पांढरं..." रश्मी गोंधळून गेली. "अपशकुन वगैरे काही माझ्या मनात नव्हतं हो, आजी."

"शकुन-अपशकुन मी मानत नाही," चंदाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण वर्गात चाळीस पोरं गप्प करणारा होता. "पांढरं आम्ही लग्नालाही नेसतो, वंदनेलाही, आणि माणसाला निरोप द्यायलाही. पण नवरा गेला म्हणून बाईला पांढऱ्यात बसवायचं, मान खाली घालायला लावायची, ते आमच्यात नाही. ते सोडून आलो आम्ही. आणि तू आज साऱ्या जगासमोर तेच आमच्या अंगावर घालणार होतीस. तेही माझ्या लग्नाच्या साडीनं."

रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिची दया आली, पण राग जास्त आला. इतक्यात निवेदक राज पडदा बाजूला करून डोकावला. "रश्मी, महाराष्ट्र कुठाय? म्युझिक सुरू झालंय!"

"आता काय करू?" रश्मी म्हणाली. "धम्मशीलाला शेवटी लग्नाच्या सेक्शनमध्ये घेते, प्रॉमिस. पण ह्या सेक्शनमध्ये महाराष्ट्रातून कोण? जागा रिकामी जाईल."

"विधवा हवीय ना तुला?" चंदाबाई म्हणाल्या. "मी आहे की. मी जाते."

रश्मीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. चंदाबाई डाळिंबी साडीत होत्या. रुंद जरीचा काठ, अंबाड्यात घरच्या कुंडीतलं गुलाबाचं फूल, हातभर हिरव्या बांगड्या. "आजी, ह्या साडीत?"

"मग? विधवा काय नेसते तेच दाखवायचंय ना? मी हेच नेसते."

"आज्जी, यू डोन्ट हॅव टू," धम्मशीला म्हणाली.

"ठाऊक आहे मला. तरी जाते."

राजनं विचारलं, "पण मी अनाउन्स काय करू?" चंदाबाईंनी त्याला दोन वाक्यं सांगितली आणि पदर सारखा करून त्या प्रकाशात गेल्या. बांगडीत मी.

आमच्या आधी काळ्या, राखाडी, पांढऱ्या कपड्यांतली माणसं मान खाली घालून गेली होती. सगळं सभागृह गंभीर होऊन बसलं होतं. आणि मग आम्ही. राजनं इंग्रजीत सांगितलं, "ह्या चंदाबाई ओव्हाळ, ब्रॅकनेलहून आल्या आहेत. त्यांचे पती सुखदेव दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची आठवण रोज येते, आणि साडी डाळिंबीच आहे."

मागच्या बाजूला बसलेल्या आपल्या मराठी माणसांनी तर तोंडात बोटं घातली. कुणी फोन वर धरला होता तो तसाच राहिला. चंदाबाई ताठ चालल्या. भराभर नाही, हळूही नाही, वर्गातून फळ्याकडे जाव्यात तशा. मी बांगडीवर किणकिणत होते आणि मला तर तेवढाच आवाज ऐकू येत होता. रॅम्पच्या टोकाला त्या थांबल्या. ओठ जेमतेम हलले. हे फक्त मीच ऐकलं आहे आणि तुम्हालाच सांगते आहे. त्या म्हणाल्या, "अहो, बघताय ना? रंग नाही सोडला."

आणि मग, मित्रांनो, मी कधी नव्हे ती रडले. गंजते तर गंजू दे, म्हटलं.

त्या परत पडद्यामागं आल्या. लगेच त्यांनी मला बांगडीतून काढलं आणि धम्मशीलाच्या खांद्यावर लावलं. ह्या वेळी मी एका झटक्यात बसले, तेल लागलं होतं ना. महाराष्ट्राची नवरी म्हणून अन्वी नावाची मुलगी आधीच तयार होती, पिवळी साडी, मुंडावळ्या, नथ. तिनं हात पुढं केला. "चल, दोघी जाऊ. कोण अडवतंय?" अशा दोन मराठी नवऱ्या हातात हात घालून गेल्या आणि मी पुन्हा रॅम्पवर. समोरच्या इंग्रज लोकांना पांढऱ्या नवरीचं काहीच नवल नव्हतं, ते मजेत टाळ्या वाजवत होते. नवल वाटलं ते आपल्याच लोकांना.

शो संपल्यावर रश्मी आली. "आजी, मी विचारायला हवं होतं."

"हो," चंदाबाई म्हणाल्या. "हवं होतं." त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, पण शेजारी बसायला जागा करून दिली. मग रश्मीनं विचारलं आणि त्या लग्नाची सगळी गोष्ट सांगत बसल्या. तसबिरी, मेणबत्त्या, मावशी. मीही त्या गोष्टीत होते बरं का. ह्या वेळी माझं नाव घेतलं.

म्हणून मित्रांनो, माझं मागणं ऐका. मला ओलीत टाकू नका, अधूनमधून तेलाचं बोट लावा. आणि कुणाच्या अंगावरचा रंग पाहून त्याची गोष्ट तुमची तुम्हीच रचू नका. माणूस समोर उभा असतो, त्याला तोंड असतं. विचारलंत तर तुमचं काही जात नाही. न विचारता कात्री मात्र फार पटकन हातात येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या संध्याकाळी ब्रॅकनेलच्या घरी साडीची घडी घालताना धम्मशीला म्हणाली, "आज्जी, हा पिन मला देशील?" तिच्या हातात तर एकही बांगडी नाही. चंदाबाई उठल्या, सिंकपाशी गेल्या, मनगटाला साबण लावला आणि एक हिरवी बांगडी सोडवू लागल्या. बराच वेळ लागला, हात सुजलेले असतात त्यांचे. जी बांगडी सुखदेवराव गेले त्या दिवशी त्यांनी कुणाला काढू दिली नव्हती, ती त्यांनी आपल्या हातानं काढली, पुसली आणि मला तिच्यात अडकवून नातीच्या हातात घातली.

"नुसती पिन कशी देऊ?" त्या म्हणाल्या. "तिला राहायला जागा लागते."